बांबूचं धनुष्य ढिलं पडतंय? कोयता हातात घेण्याआधी हे तपासा

लक्षणं आधी सांगते. उन्हाळ्यात केलेलं धनुष्य मे महिन्यात वीस मीटरवर नीट लागत होतं, आता ऑगस्टात त्याच जागेवरून बाण हातभर खाली लागतो. ओढायला हलकं वाटतं. दोरी उतरवली तरी धनुष्य सरळ होत नाही, दोरीच्या बाजूला वाकून राहतं. दोरी सोडली की डाव्या मनगटावर सपकन बसते, पूर्वी बसत नव्हती. काही धनुष्यांत एकच अर्ध जास्त झुकलेलं दिसतं, दुसरं काठीसारखं ताठ. आणि कधीकधी पूर्ण ओढताना बारीक टिक-टिक ऐकू येतं.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर धनुष्य आत्ताच खाली ठेवा आणि थेट पहिल्या तपासणीवर या. बाकीच्यांनी सावकाश वाचलं तरी चालेल.

मी कोकणात राहते आणि बारा वर्षं मुलांसाठी बांबूची धनुष्यं करते. दुरुस्तीला माझ्याकडे जेवढी येतात त्यांतली निम्म्याहून अधिक याच एका तक्रारीची असतात, आणि बहुतेक पाऊस सुरू झाल्यावर. जवळपास प्रत्येक वेळी एक गोष्ट होऊन गेलेली असते: धनुष्य ढिलं वाटलं म्हणून मालकाने दोरीला पीळ देऊन ती आखूड केली, किंवा रंधा-कोयत्याने 'थोडं' तासलं. बरी होऊ शकणारी धनुष्यं या दोन उपायांनी कायमची गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, हत्यार लागणाऱ्या शेवटी.

शब्द चार. तुमच्याकडे तोंड केलेली बाजू म्हणजे पोट, समोर निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ. मुठीच्या वर आणि खाली वाकणारा भाग म्हणजे पातं. दोरी अडकवायच्या जागा म्हणजे खाचा.

आता हे होतं का, ते. धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. बांबूचे चिवट धागे सालीजवळ दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ होत जातात. म्हणून साल पाठीकडे ठेवली तर बांबू ताण भरपूर सोसतो, पण पोटाकडे आलेला आतला मऊ भाग दाब तेवढा सोसत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की तिथल्या पेशी चेपतात आणि पुन्हा फुगत नाहीत. पोट आखूड झालं, पाठ होती तेवढीच राहिली, म्हणजे धनुष्य पोटाकडे वाकून राहणार. याला आम्ही धनुष्य 'बसलं' म्हणतो. थोडंसं प्रत्येक धनुष्य बसतं, त्याची काळजी नको. किती बसलं आणि कशामुळे, एवढंच शोधायचं आहे.

पहिली तपासणी: तडा आहे का

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि ही केल्याशिवाय धनुष्य पुन्हा ओढायचं नाही.

दोरी उतरवा. देवासाठी वळतो तो कापूस घ्या आणि पाठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवा. कुठे धागा उचकटला असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात, डोळ्याला दिसला नाही तरी. मग धनुष्य खिडकीशी नेऊन पोट तिरक्या उजेडात पाहा. पोटावर आडव्या, केसासारख्या रेषा दिसतात का? त्यावरून नख फिरवा. नख अडलं तर तिथे पोट चेपून घडी पडली आहे.

पाठीवरचा उचकटलेला धागा आणि पोटावरची आडवी घडी ही दोन्ही चिन्हं थांबण्याची आहेत. तीस पौंडाचं, म्हणजे साडेतेरा किलो ताणाचं धनुष्य पूर्ण ओढलेलं असताना मोडलं तर तुटलेलं पातं चेहऱ्याकडे येऊ शकतं. मुलांच्या हातात तर असं धनुष्य एकदाही द्यायचं नाही. पुढच्या तपासण्या सोडून शेवटचा भाग वाचा.

उभी, म्हणजे धाग्यांच्या दिशेने गेलेली बारीक भेग मात्र वेगळी. बांबू वाळताना ती पडते. ती पात्याच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपत असेल, तर गोंद भरून वर दोऱ्याचे घट्ट वेढे दिले की पुरतं. कडेला जाऊन बाहेर पडत असेल तर तिला तडाच समजा.

दुसरी तपासणी: दोरी

दोरी चढवलेल्या धनुष्याच्या मुठीवर मूठ टेकवून अंगठा उभा करा. अंगठ्याचं टोक दोरीला लागायला हवं. पट्टीने मोजलंत तर मुठीच्या पोटापासून दोरीपर्यंत साधारण सहा इंच.

हे अंतर साडेचार-पाचवर आलं असेल तर आनंदाची बातमी आहे, कारण दोष दोरीचा आहे. धनुष्य बसल्याने हे अंतर फारसं बदलत नाही. ते ठरतं दोरीच्या लांबीवर, आणि दोरी लांबली की ते कमी होतं. मनगटावर सपके बसण्याचं कारणही बहुतेक हेच, कारण दोरी थांबते ती जागा आता मनगटाच्या जवळ आलेली असते. बाण दोरीवरून सुटायलाही उशीर होतो, त्यामुळे हाताची छोटीशी हालचाल बाणाला लागते आणि तो भरकटतो.

नवशिक्यांच्या धनुष्यावर मला सर्वांत जास्त दिसते ती गवंड्याची नायलॉनची लाइनदोरी. स्वस्त आहे, कुठेही मिळते, पण नायलॉन ताणलं की लांबतं आणि लांबतच राहतं. पॉलिस्टरचा मेणावलेला दोरा चांगला. धनुर्विद्येच्या दुकानात डॅक्रॉन नावाने मिळतो. तोही पहिले काही दिवस थोडा लांबतो, मग स्थिरावतो. अजिबात न ताणणारे नवे महागडे धागे मात्र साध्या बांबूच्या धनुष्याला लावू नका. त्यांचा झटका थेट खाचेत बसतो आणि बारीक दोरी खाच चिरत जाते. सातपुड्यातले भिल्ल कारागीर कामठ्याला, म्हणजे त्यांच्या धनुष्याला, बांबूचीच सालपट्टी दोरी म्हणून लावतात. नायलॉनसारखी ती लांबत नाही, हे मी तिथल्या एका आजोबांच्या अंगणात बसून पाहिलं आहे.

अंतर कमी झालेलं असेल तरच दोरीला पीळ द्या आणि सहा इंचांवर आणून थांबा. अंतर आधीच सहा आहे, तरीही धनुष्य हलकं लागतंय, अशा वेळी पीळ देऊन ते आठ इंचांवर नेलं की धनुष्य घट्ट 'वाटतं'. हीच फसगत आहे. नुसतं चढवून ठेवलेलं असतानाही पोट आता पूर्वीपेक्षा जास्त दाबलेलं असतं, शिवाय बाणाला ढकलायला दोरीला मिळणारं अंतर दोन इंचांनी कमी होतं. आठवड्याभरात धनुष्य आणखी बसतं, माणूस आणखी पीळ देतो.

तिसरी तपासणी: किती बसलं

दोरी उतरवल्या उतरवल्या धनुष्याची पाठ सपाट भिंतीला लावा. मूठ भिंतीला दाबून धरा. टोकं भिंतीपासून सुटलेली दिसतील. दोन्ही टोकांचं अंतर वेगवेगळं मोजा आणि लिहून ठेवा. मग धनुष्य रात्रभर आडवं ठेवून सकाळी पुन्हा मोजा. बांबू मुळातच वाकडा असेल तर नवा असतानाचं अंतर त्यातून वजा करा.

सकाळी एक-दीड इंच असेल तर धनुष्य निरोगी आहे, बाण खाली लागण्याचं कारण दोरीत, बाणात किंवा तुमच्या खांद्यात शोधा. दोन इंच चालवून घेता येतं. तीनच्या पुढे गेलं तर पोट खरोखर चेपलेलं आहे.

दोन मोजमापांतला फरक जास्त बोलका असतो. संध्याकाळी तीन इंच आणि सकाळी दीड, असं असेल तर लाकूड थकलं आहे, मेलेलं नाही. बहुतेक वेळा ते ओलं असतं किंवा फार वेळ चढवून ठेवलेलं असतं. संध्याकाळी तीन आणि सकाळीही तीन, तर चेपलेलं परत येणार नाही. आणि एका टोकाला एक इंच, दुसऱ्याला अडीच, असं असेल तर दोष एका पात्यात आहे. त्यांनी सहाव्या तपासणीची तयारी ठेवायची, पण मधल्या दोन टाळायच्या नाहीत.

चौथी तपासणी: वापर

इथे कुणाला दोष द्यायचा नाही, पण खरं उत्तर द्यायचं.

धनुष्य किती इंच ओढायला केलं होतं? हलक्या बांबूच्या एका लांब बाणावर खाचेपासून मोजून प्रत्येक इंचाला पेनाने रेघ मारा. तुम्ही नेहमीसारखं ओढा आणि दुसऱ्याला मुठीशी कोणती रेघ येते ते पाहू द्या. स्वतः पाहू नका, मान वळवली की ओढ बदलते. सव्वीस इंचांसाठी केलेलं धनुष्य सरावाने हात मोकळा झाल्यावर अठ्ठावीसपर्यंत जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटचे ते दोन इंच पोटाला सर्वांत महाग पडतात. माझं स्वतःचं एक आवडतं धनुष्य माझ्या उंच मावसभावाने एकदा, फक्त एकदाच, कानापर्यंत ओढलं. त्या दुपारी ते एक इंच बसलं आणि पुन्हा उठलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक धनुष्याच्या पोटावर मुठीशेजारी मी पेन्सिलीने ओढीची मर्यादा लिहिते.

पूर्ण ओढून किती वेळ धरता? कंपाउंड धनुष्य पाहून आलेली मुलं दहा-दहा सेकंद धरून निशाण साधतात. तिथे चाकांमुळे हातावरचा ताण कमी होतो. इथे तसं काही नाही. लाकूड त्या स्थितीत जितका वेळ राहील तितकं त्या आकाराची सवय लावून घेतं. तीन-चार सेकंदांत सोडायला शिका, नाहीतर हलकं धनुष्य घ्या. सुरुवात करणाऱ्या मोठ्या माणसाला पंचवीस पौंड पुष्कळ झाले.

सराव संपल्यावर दोरी उतरवता का? चहाला थांबलात तरी उतरवा. कोपऱ्यात भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका, खालच्या पात्यावर भार येतो. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. बाण न लावता दोरी ओढून सोडणं तर कधीच नाही. बाणाला जाणारी सगळी ताकद मग लाकडात आणि खाचांत परत येते.

पाचवी तपासणी: ओल

कोकणातल्या, घाटावरच्या आणि मुंबईच्या वाचकांनी इथे जरा थांबावं. तुमच्यापैकी बहुतेकांचा चोर इथेच सापडेल.

लाकूड आणि बांबू हवेतली ओल घेतात आणि सोडतात. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के पाणी राहतं. जुलैत आमच्याकडे आठवडेच्या आठवडे ८५-९०च्या घरात आर्द्रता असते, तेव्हा ते १८-२० टक्क्यांपर्यंत चढतं. ओलं लाकूड दाबाला मऊ पडतं. उन्हाळ्यात ज्या ओढीला पोट तग धरत होतं त्याच ओढीला ते आता चेपतं. तुम्ही काहीच बदललं नाही, हवा बदलली.

ओल मोजायला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा घ्या. समजा धनुष्य कोरडं असताना, म्हणजे १० टक्के ओलीला, ६०० ग्रॅम होतं. १८ टक्क्यांना तेच धनुष्य सुमारे ६४५ ग्रॅम भरेल. पंचेचाळीस ग्रॅम म्हणजे जवळजवळ अर्धी वाटी पाणी तुमच्या धनुष्यात बसलेलं आहे. म्हणूनच तयार झालेल्या दिवशीचं वजन पोटावर लिहून ठेवायचं. ते लिहिलेलं नसेल तर आजचं वजन लिहा, वाळवायला घ्या आणि रोज एकाच वेळी तोला. वजन उतरत गेलं तर धनुष्य ओलंच होतं.

वाळवायचं कसं? उन्हात नाही. एक बाजू तापते, दुसरी गार राहते आणि बांबू पिळवटतो किंवा तडकतो. गावाकडे बांबूच्या वस्तू चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवत, ती पद्धत फार चांगली होती. आता चूल नसेल तर पुठ्ठ्याचं किंवा प्लायचं लांब खोकं करा, वर-खाली भोकं पाडा आणि आत तळाशी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. बल्ब कशालाही टेकता कामा नये आणि घरात कुणी नसताना तो लावून जायचं नाही. आतली हवा हाताला कोमट लागली, ३५-४० अंशांच्या आसपास, की झालं. वजन सलग दोन दिवस उतरायचं थांबलं की बाहेर काढा. या काळात धनुष्य एकदाही चढवू नका.

विदर्भातल्या मंडळींची गोष्ट उलटी आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकडात पाच टक्केसुद्धा ओल उरत नाही. तेव्हा धनुष्य बसत नाही, कडक आणि वेगवान होतं, आणि एक दिवस पाठीवर तडकतं. तुम्ही खोकं करू नका. भर उन्हाळ्यात पहाटे सराव करा आणि धनुष्य घरातल्या गार खोलीत ठेवा.

जवस तेलाचे चार-पाच हात आणि वर मेण लावलं की ओल शिरण्याचा वेग कमी होतो. ती थांबत नाही. महिनाभर पाऊस लागला की तेल लावलेलं धनुष्यही ओलं होतं, फक्त उशिरा.

सहावी तपासणी: वाक

दोरी ठीक, ओढ ठीक, धनुष्य कोरडं, तरीही बसतंय किंवा एकच पातं बसलंय. आता वाक पाहायचा. इथपर्यंत आलेल्यांना थोडा खर्च आहे: प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा, एक खुंटी आणि दोन-तीन तासांची शांतता.

निरोगी धनुष्यात वाक दोन्ही पात्यांत सारखा वाटलेला असतो. एखाद्या बोटभर जागेत तो साचला तर ती जागा दाराच्या बिजागरीसारखी वळते, बाकीचं पातं आराम करतं आणि सगळा दाब तिथल्या पोटावर येतो. तीच जागा चेपते. एकंदर धनुष्य 'ढिलं' झालं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात चार इंच लाकूड मेलेलं असतं.

धनुष्य चढवा आणि मुठीच्या आधारे भिंतीवरच्या खुंटीवर आडवं टेकवा. मागे भिंतीवर पेन्सिलीने चौकटी आखा. मोबाइल बरोबर समोर धरून फोटो काढा, मग तोच फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून शेजारी ठेवा. डावं-उजवं पातं सारखं दिसतं का? नुसत्या डोळ्याला न दिसणारी बिजागरी यात लगेच दिसते. दुसरी पद्धत याहून बारीक आहे. सहा इंची लोखंडी पट्टी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर उभी टेकवा. पट्टीची दोन टोकं लाकडाला लागतील आणि मध्ये फट राहील. पट्टी मुठीपासून टोकाकडे सरकवत जा. फट मोठी झाली तिथे जास्त वाक, पट्टी सपाट बसली तिथे वाकच नाही. पेन्सिलीने दोन्ही खुणा करा, कमी वाकणाऱ्या जागेला फुली, जास्त वाकणाऱ्या जागेला गोल.

गोलाला हात लावायचा नाही. तिथलं लाकूड आधीच कमी आहे. तासायचं ते फुलीच्या जागी, म्हणजे ताठ भागाला वाकायला शिकवायचं, जेणेकरून गोलावरचा भार उतरेल. नवशिके नेमकं उलट करतात. जास्त वाकलेली जागा 'खराब' दिसते, ते तीच घासतात आणि धनुष्य हातात मोडतं.

किती तासायचं हे कळायला एक हिशेब पाठ करा. पात्याची ताकद रुंदीच्या प्रमाणात कमी-जास्त होते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. दहा मिलिमीटरचं पातं नऊ केलं तर ताकद दहा टक्क्यांनी नाही, सत्तावीस टक्क्यांनी उतरते. म्हणून इथे कोयता नको, रंधाही नको. काचेचा तुकडा, किंवा करवतीच्या जुन्या पात्याचा सरळ धार केलेला तुकडा घ्या. हाताला फडकं गुंडाळा. एका फुलीवर फक्त पोटाच्या बाजूने वीस वेळा खरवडा. पाठीच्या सालीला कधीच नाही, तिथले धागे कापले गेले तर ताण सोसायला कुणी उरत नाही. गाठींवरही हात हलका ठेवा, गाठीपाशी धागे वाकडे-तिकडे जातात, तिथे लाकूड जरा जास्तच असू द्यावं.

वीस खरवडी झाल्या की दोरी चढवून पूर्ण ओढीच्या निम्म्यापर्यंत तीस वेळा सावकाश ओढा-सोडा. लाकडाला बदल कळायला एवढं लागतं. मग पुन्हा पट्टी. मग पुन्हा वीस. मी एका पात्यावर एका दिवसात चार फेऱ्यांच्या पुढे जात नाही.

हुकाचा काटा इथे कामाला येतो. खुंटीवरच्या धनुष्याची दोरी काट्याने खाली ओढा आणि दर दोन इंचांना किलो लिहा. सव्वीस इंचांना पूर्वी साडेतेरा किलो होतं आणि आता अकरा, तर ते अकराच तुमचं नवं धनुष्य. वाक जुळवताना त्यातला अजून अर्धा-एक किलो जाईल, आणि जाऊ द्या. हलकं पण सारखं वाकणारं धनुष्य जड आणि बिजागरी पडलेल्यापेक्षा वर्षानुवर्षं जास्त चालतं. जुना ताण परत आणायचा हट्ट करणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी हे समजावते.

मोजताना एक गोष्ट दिसेल. शेवटच्या दोन इंचांत काटा आधीपेक्षा एकदम जोरात चढत असेल, तर धनुष्य तुमच्या ओढीसाठी आखूड आहे. मुठीजवळ न वाकणाऱ्या धनुष्याला अठ्ठावीस इंच ओढायला निदान सहासष्ट इंच लांबी हवी. चोपन्न इंचांच्या धनुष्याला दुरुस्ती नाही, त्याची ओढ कमी करा किंवा ते लहान मुलाला द्या.

सातवी: शेकणं

ही तपासणी नसून शेवटचा घरगुती उपाय आहे, आणि कोरड्या ऋतूतच करावा. उतरवलेलं धनुष्य फळीवर सरळ, किंवा एखादा इंच उलट्या दिशेला वाकवून दोऱ्यांनी बांधतात आणि पोटाची बाजू लाल निखाऱ्यांपासून वीतभर वर धरून हळूहळू शेकतात. भाकरी शेकल्यासारखा तांबूस रंग सगळीकडे सारखा यायला हवा. काळं झालं की लाकूड ठिसूळ झालं. शेकल्याने पोट दाबाला कडक होतं आणि बसलेल्यातला काही भाग परत मिळतो. पण शेकलेलं लाकूड पूर्ण सुकलेलं असतं. त्याला परत हवेतली ओल घ्यायला चार-पाच दिवस तसंच बांधून ठेवायचं. त्याच संध्याकाळी ओढून पाहिलं तर पाठ तडकते. माझी पहिली दोन धनुष्यं अशीच गेली.

शेकलं की पोट कडक होतं, म्हणजे वाकही बदलतो. सहावी तपासणी पुन्हा करावी लागते. पहिलंच धनुष्य असेल तर इथे एकट्याने शिरू नका.

कधी थांबायचं

पाठीवर धागा उचकटला असेल, पोटावरची आडवी घडी नखाला लागत असेल, ओढताना टिक-टिक किंवा चरचर येत असेल, सकाळचं मोजमाप तीन इंचांच्या पुढे असेल, किंवा दोरी मुठीच्या मधून न जाता कडेने जाऊ लागली असेल, म्हणजे पातं पिळलं असेल, तर घरी काहीही करू नका. वरून गोंद आणि दोरा गुंडाळून तडा झाकला जातो, ताकद परत येत नाही. असं धनुष्य कुणाला विकू किंवा देऊ नका. दोन तुकडे करून मगच टाका, नाहीतर कुणीतरी लेकरू उचलून ओढतं.

न्यायचं कुणाकडे? उत्तम सुतारालाही आधी विचारून घ्या, कारण त्याचं सगळं शिक्षण लाकूड न वाकावं यासाठी असतं. सातपुड्यात नंदुरबारकडे, मेळघाटात, गडचिरोलीत आणि पालघरच्या पाड्यांवर कामठा करणारे हात अजून आहेत. त्यांना भेटलात तर धनुष्य पुढे करून गप्प बसा आणि ते कुठे बोट ठेवतात ते पाहा. शहरात असाल तर जिल्ह्याच्या धनुर्विद्या प्रशिक्षकांना विचारा. तीस आणि पन्नास मीटरच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात मुलं बांबूचीच धनुष्यं वापरतात, त्यामुळे हे दुखणं त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं असतं. नेताना दोरी उतरवून न्या, आणि बरोबर पाच आकडे लिहून न्या: नवं असतानाचं वजन, आजचं वजन, संध्याकाळी आणि सकाळी भिंतीपासूनचं अंतर, आणि तुमची खरी ओढ. निम्मं निदान त्यातच होतं.

नवंच करावं लागलं तर आता घाई नको. पावसातला बांबू पाण्याने भरलेला असतो. पाऊस संपून थंडी सुरू झाली की तीन-चार वर्षांचा जून मानवेल निवडा. तो जवळजवळ भरीव असतो, लाठ्यांना वापरतात तोच. कोवळा बांबू हिरवागार आणि गुळगुळीत दिसतो, पण वाळल्यावर पोट लगेच बसतं आणि कीडही लवकर लागते. आमच्याकडे जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यातच बांबू तोडतात. जंगलाबाहेरच्या बांबूला २०१७ च्या कायदेबदलानंतर वृक्ष मानलं जात नाही, त्यामुळे खाजगी जमिनीवरचा बांबू मालकाला विचारून तोडता येतो. धामणीचं लाकूड धनुष्याला फार जुन्या काळापासून वापरतात, संस्कृतातलं तिचं नावच धन्वन आहे, पण ते झाड आहे, तोडायला परवानगी लागते का ते आधी विचारा. तोडलेला बांबू उभा चिरून सावलीत निदान चार महिने ठेवा आणि महिन्यातून एकदा तोला. होळीच्या सुमारास वजन स्थिर झालेलं असेल. तेव्हा हत्यार काढा.